कॅसिनो कंपनीचा गल्ला: त्यातला घरी किती नेता येतो?

तासगावच्या एका तरुण शिक्षकांनी विचारलंय: "सर, एका कॅसिनो कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढून बसलोय. नफा कधी वर, कधी खाली. पण ऑपरेटिंग कॅश फ्लो करोनाचं वर्ष सोडलं तर कायम भक्कम दिसतो. भाव मात्र पडलेलाच. म्हणजे शेअर स्वस्त आहे असं धरायचं का? कॅश फ्लोचा कल नक्की बघायचा कसा?"

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

सांगलीत सीएची प्रॅक्टिस करताना सत्तावीस वर्षं झाली. आडते, बेदाण्याचे व्यापारी, शीतगृहवाले, दोन-तीन हॉटेलं, यांची पुस्तकं तपासण्यात आयुष्य गेलं. शेअर बाजारात मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय, म्हणजे आधी घालवून. तेव्हा मी सांगतोय ते आपल्या पेठेतल्या चष्म्यातून आहे. पण कॅसिनोला तोच चष्मा बरा लागतो, कारण धंदा शेवटी गल्ल्याचाच आहे. गल्ल्यात पडलेला पैसा वेगळा आणि रात्री दुकान बंद करून घरी नेता येणारा पैसा वेगळा. ऑपरेटिंग कॅश फ्लो, म्हणजे रोजच्या धंद्यातून आलेली निव्वळ रोकड, तुम्हाला फार तर गल्ला दाखवतो.

आपल्याकडे साखर कारखान्याचा ताळेबंद वाचणाऱ्याला ही गोष्ट लगेच कळते. ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे) पैसे शेतकऱ्याला द्यायचे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. तो किती पाळला जातो हे तुमच्या घरी विचारा. ३१ मार्चला उसाची बिलं थकलेली असली की त्या वर्षीचा ऑपरेटिंग कॅश फ्लो कसा गुबगुबीत दिसतो! कारखान्यानं काही कमावलेलं नसतं, शेतकऱ्याचे पैसे महिनाभर वापरलेले असतात. कॅसिनो कंपनीत शेतकऱ्याच्या जागी बहुधा सरकार असतं.

मी एकदा असाच फसलो होतो. एका हॉटेल कंपनीचा ऑपरेटिंग कॅश फ्लो दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झालेला पाहून शेअर घेतले. तक्त्यातल्या वर्किंग कॅपिटलच्या (येणी, देणी आणि साठा यांत अडकलेल्या पैशाच्या) बदलांची ओळ मी वाचलीच नाही, थेट बेरजेवर नजर गेली. पुढच्या वर्षी थकवलेले कर, शुल्क आणि ठेकेदारांची बिलं एकदम भरली गेली आणि तोच आकडा उणे झाला. लोकांच्या पुस्तकात हीच ओळ मी रोज लाल पेन्सिलीनं अधोरेखित करतो. स्वतःच्या पैशाला पेन्सिल लावली नाही.

म्हणून पहिलं काम: वर्किंग कॅपिटलच्या बदलांआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा असे दोन रकाने पाचही वर्षांसाठी शेजारी शेजारी लिहा. कॅसिनोत ग्राहकांकडे उधारी फारशी नसते, माणूस रोख किंवा कार्डानं चिप्स (पैशाऐवजी टेबलावर लावायच्या टिकल्या) घेतो. त्यामुळे या दोन आकड्यांत फार तफावत पडायचं कारण नाही. पडली, तर ती देण्याच्या बाजूनं आली असं समजा आणि 'इतर चालू देणी'ची टीप उघडा. वार्षिक परवाना शुल्क कोट्यवधींत असतं. ते ३१ मार्चच्या अलीकडे भरलं की पलीकडे, एवढ्यानंसुद्धा एका वर्षाचा आकडा वर किंवा खाली जातो. कल शोधणाऱ्याला तो कल वाटतो. असते फक्त तारीख.

आता या धंद्याची घडण थोडी सांगतो, नाहीतर आकडे नुसते आकडेच राहतील. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यातही जुगारबंदीचा कायदा १९७६ चाच. पण त्यात १९९२ ला दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट मिळाली आणि पुढे १९९६ ला जहाजावर टेबलं लावायला. म्हणून पत्ते वाटणारा जिवंत माणूस समोर असलेलं टेबल मांडवीतल्या जहाजावर, आणि हॉटेलात यंत्रं. सिक्कीमचा स्वतंत्र कायदा २००२ चा. देशात कायदेशीर कॅसिनो म्हणजे ही एवढीच मोजकी ठिकाणं. परवाने मोजके, त्यामुळे स्पर्धा कमी. पण परवाना देणारा एकच, हेही तितकंच खरं. मांडवीतून जहाजं हलवायचा विषय मी कितीतरी वर्षं ऐकतोय आणि मुदतवाढही तितकीच वर्षं मिळतेय. ज्या धंद्याची जागा मुदतवाढीवर आहे, त्याला दहा-पंधरा वर्षं पुढचा कॅश फ्लो आजच्या किमतीत आणायची गणितं लावू नका.

मध्यंतरी एका लग्नाला पणजीला गेलो होतो. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर मांडवीच्या काठावर फिरायला निघालो. धक्क्यावरून लहान होड्या माणसं भरभरून जहाजाकडे नेत होत्या. मी मात्र रस्त्याकडेच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी मोजत बसलो (बायको म्हणाली, इथंही ऑडिट!). एमएच ०९, एमएच १०, एमएच १२, बेळगावच्या केए २२. गोव्याची पाटी मोजायला हाताची बोटं पुरली. तसंच असायला हवं, कारण १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सोमवारी सकाळी निघण्याआधी, आदल्या रात्री पुन्हा त्याच जागी गेलो. गाड्या निम्म्याही नव्हत्या. म्हणजे हा पाहुण्यांचा, सुट्टीचा आणि शनिवारचा धंदा. दिवाळी ते नववर्ष ही तिमाही आणि भर पावसाळ्याची तिमाही एकमेकींशेजारी ठेवून 'घट' म्हणण्यात अर्थ नाही. सप्टेंबरची सहामाही मागच्या सप्टेंबरच्या सहामाहीशीच ताडून बघा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना रोख प्रवाहाचं पत्रक सहामाहीला द्यावं लागतं, तिमाहीला बहुतेक जण देत नाहीत. त्यामुळे मधल्या तिमाहीत नफ्यावरून रोकडीचा अंदाज बांधू नका.

नशिबाचा भाग लोक एकतर फार मोठा मानतात किंवा विसरतातच. सदतीस घरांच्या रुलेटमध्ये (चाकावर गोळी फिरवायच्या खेळात) शून्याचं एक घर जादा असतं, त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. अडतीस घरांच्या, दोन शून्यं असलेल्या चाकावर हेच ५ रुपये २६ पैसे. लहान लहान हजारो माणसं खेळत असतील, तर महिन्याच्या शेवटी हिशेब त्या सरासरीच्या जवळ येऊन बसतो. पण चार बडे खेळाडूच धंद्याचा मोठा हिस्सा देत असतील, तर एका आठवड्यात तिमाही उलटी होऊ शकते. चीनमधल्या मकावचं उदाहरण बघा. २०१३ साली तिथलं जुगाराचं एकूण उत्पन्न ३६० अब्ज पटाकांवर (तिथलं चलन) गेलं होतं आणि त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग बड्या खेळाडूंचा होता. या खेळाडूंना मध्यस्थ घेऊन यायचे, उधारीही ते मध्यस्थच द्यायचे. चीननं भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम काढली आणि २०१५ पर्यंत तोच आकडा २३१ अब्जांच्या आसपास आला. टेबलं तीच आणि चाकंही तीच होती. आपल्याकडच्या कंपनीच्या अहवालात येणाऱ्यांची संख्या आणि माणशी उत्पन्न दिलेलं असेल, तर ते लिहून ठेवा. माणसं तेवढीच आणि माणशी उत्पन्न एकदम उडी मारतंय, असं एखाद्या वर्षी दिसलं, तर ते वर्ष सरासरीत धरताना हात आखडता ठेवा.

पण तुम्ही ज्या वर्षाला 'सोडून' दिलंत, ते करोनाचं वर्ष मात्र सोडू नका. माझ्या मते तुमच्या पाच वर्षांतलं तेच सगळ्यात बोलकं आहे. गोव्यातले कॅसिनो मार्च २०२० पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद होते, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. विक्री शून्य असताना कंपनीचे महिन्याला किती पैसे जळतात, हे एरवी कुठल्याही अहवालात छापून येत नाही. ते या वर्षात उघडं पडतं. बंद काळातली रोकडीची घट घ्या, ती महिन्यांनी भागा आणि हातातली रोकड व लिक्विड फंड (हवे तेव्हा मोडता येणारे म्युच्युअल फंड) त्या आकड्यानं भागा. किती महिने दम धरता येईल ते कळेल. मकावचं उत्पन्न २०२० मध्ये आदल्या वर्षाच्या २९२ अब्जांवरून ६० अब्जांवर आलं, तेव्हा तिथल्या बऱ्याच कंपन्यांना कर्ज काढून तग धरावा लागला. ज्या भारतीय कंपनीवर कर्ज नव्हतं तिनं तेच वर्ष गाठीच्या पैशावर काढलं. हा फरक नफा-तोटा पत्रकात एका ओळीचा, प्रत्यक्षात जगण्या-मरण्याचा.

आता गल्ल्यातून घरी. इथं हिशेबाच्या नियमांनी दोन-तीन खड्डे करून ठेवलेत. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांचा नवा लेखा-मानक लागू झाला. तेव्हापासून जागेच्या, धक्क्याच्या भाड्याचा मोठा भाग 'भाडेपट्टा देणं' म्हणून वित्तपुरवठ्याच्या विभागात जातो. म्हणजे २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन वर्षांत ऑपरेटिंग कॅश फ्लो वाढलेला दिसला, तर आधी त्यातून हे भाडं वजा करा. भाडं खर्चच आहे, कागदाच्या कुठल्याही कोपऱ्यात लिहा. उलट, व्याज आणि लाभांशाचं येणं गुंतवणूक विभागात असतं आणि नफ्यात मात्र ते 'इतर उत्पन्न' म्हणून बसलेलं असतं. म्हणून नफ्याशी कॅश फ्लो ताडताना हे इतर उत्पन्न नफ्यातून काढून टाका.

गुंतवणूक विभाग बघून लोक उगाच घाबरतात. उणे चारशे कोटी दिसले की वाटतं, कंपनी कुठं खर्च करत सुटली. त्यातले तीनशे कोटी नुसते लिक्विड फंडात ठेवलेले असतात. तीन महिन्यांहून जास्त मुदतीची ठेवसुद्धा 'रोख' मानत नाहीत, ती गुंतवणुकीत जाते. फंडांची खरेदी, फंडांची विक्री आणि मालमत्तेवरचा खर्च या तीन ओळी वेगळ्या काढल्याशिवाय त्या विभागाची बेरीज वाचूच नका.

आणि जहाज! जहाज हा प्रकार हॉटेलच्या इमारतीसारखा नाही. त्याला गोदीत न्यावं लागतं, तळ खरवडावा लागतो, खाऱ्या पाण्यातला पत्रा बदलावा लागतो. वर यंत्रं, टेबलं, गालिचे, वातानुकूलन. ग्राहकाला ताजं वाटलं नाही तर तो शेजारच्या जहाजात जातो. कंपन्या देखभालीचा आणि वाढीचा खर्च वेगळा करून देत नाहीत. मी ढोबळ मानानं मालमत्तेचा घसारा (झिजेपोटी दरवर्षी पुस्तकात धरलेली रक्कम), भाडेपट्ट्यांचा घसारा वगळून, देखभालीचा खर्च म्हणून धरतो. सलग तीन-चार वर्षं प्रत्यक्ष खर्च घसाऱ्याच्या निम्म्यातच असेल, तर खूश होऊ नका. पुढं एखादं वर्ष येणार आहे ज्यात सगळं एकदम करावं लागेल. कधी कधी हा खर्च सरकारच ठरवतं. मकावच्या सहा कंपन्यांना १ जानेवारी २०२३ पासून दहा वर्षांचे नवे परवाने मिळाले, तेव्हा त्यांनी सुमारे ११९ अब्ज पटाकांची गुंतवणूक कबूल केली, बहुतेक सगळी जुगाराबाहेरच्या गोष्टींत. अहवालात त्याला 'वाढ' म्हणतील, मी त्याला परवान्याची किंमत म्हणतो.

आता एक हिशेब करून दाखवतो, आकडे मी मनानं घेतलेत. समजा पाच वर्षांचा ऑपरेटिंग कॅश फ्लो १८०, २०, १४०, २६० आणि २०० कोटी. वर्षावर्षाला बघितलं तर झोका आहे, काही कळत नाही. बेरीज करा, ८०० कोटी. त्यातून भाडेपट्ट्याचे १०० काढा, देखभालीचे १७५ काढा. उरले ५२५. हा घरी नेता येणारा पैसा, वर्षाला सरासरी १०५ कोटी. आता तो कुठं गेला ते शोधा: नवं जहाज आणि हॉटेल यांवर २२५, लाभांश १२०, फंडात १५०, रोकडीत वाढ ३०. जुळला. माझ्या दृष्टीनं कल म्हणजे हीच बेरीज, पाच वर्षांची, आणि दरवर्षी एक जुनं वर्ष सोडून एक नवं घेत सरकवलेली. १०५ चे पुढच्या वर्षी ११२ झाले, मग ९८, मग ८४, असं दिसलं तर तो कल. आणि त्या २२५ कोटींनी पुढच्या वर्षांत काही आणलं का, हे विचारायचा हक्क भागधारकाला आहे. पूर्ण होत नसलेलं 'प्रगतिपथावरील काम' तीन वर्षं ताळेबंदात पडून असेल, तर उत्तर बहुधा तिथंच मिळतं.

रोकडीतही सगळी रोकड मोकळी नसते. कॅसिनोला रोज संध्याकाळी जिंकणाऱ्याला द्यायला पैसे तयार ठेवावे लागतात, बाहेर फिरणाऱ्या चिप्सचं देणंही असतंच. आडत दुकानात सौद्याच्या दिवशी तिजोरीत ठेवलेल्या पैशासारखं आहे हे. दिसतात, पण आपले नव्हेत.

एवढं सगळं करून तुमच्या पहिल्या प्रश्नावर येऊ. भाव पडलाय त्याचं कारण कॅश फ्लोच्या पत्रकात नाहीच. ते करात आहे. आधी २८ टक्के जीएसटी कंपनी आपल्या उरलेल्या उत्पन्नावर धरत होती. ११ जुलै २०२३ ला जीएसटी परिषदेनं पूर्ण रकमेवर आकारणी ठरवली, कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प कंपनीचा शेअर दुसऱ्या दिवशी २० टक्क्यांहून जास्त घसरला. ऑगस्टमध्ये एवढं स्पष्ट झालं की कर प्रत्येक डावावर नाही, आत येताना घेतलेल्या चिप्सवर, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तसं लागू झालं. फरक किती? माणसानं दहा हजारांच्या चिप्स घेतल्या आणि रात्रीअखेर दोन हजार हरून निघाला. जुन्या पद्धतीनं कर दोन हजारांवर, ढोबळ ५६० रुपये. नव्या पद्धतीनं दहा हजारांवर, २,८००. कॅसिनोला मिळाले दोन हजार आणि कर त्याहून जास्त! मग तो ग्राहकाकडून वरून घ्यायचा की स्वतः सोसायचा, एवढाच प्रश्न उरतो. ग्राहकाकडून घेतला तर तो कमी चिप्स घेतो, सोसला तर नफा जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच दर ४० टक्के झालाय. म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या आधीची आणि नंतरची वर्षं एका सरासरीत घालू नका, मधे रेघ मारा. सप्टेंबर २०२५ ला दुसरी रेघ. करोनापासून आजपर्यंतच्या काळात खरं तर तीन वेगवेगळे धंदे आहेत. कंपनीचा ऑनलाइन पैशाच्या खेळांचा भाग असेल तर चौथा, कारण ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं तो बंदच झाला. त्या भागाची जुनी रोकड बेरजेतून काढून टाका.

दुसरं म्हणजे मागची मागणी. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्प आणि तिच्या उपकंपन्यांना जुलै २०१७ ते मार्च २०२२ या काळासाठी सुमारे १६,८२२ कोटींच्या नोटिसा आल्या. कंपनीच्या तेव्हाच्या बाजारमूल्याच्या तिपटीहून जास्त. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा नोटिसांवरच्या कारवाईला स्थगिती दिली. आता बघा, एवढा आकडा, आणि कॅश फ्लोच्या पत्रकात त्याचा एक रुपया नाही. तो आकस्मिक देण्यांच्या (निकाल विरुद्ध गेला तरच द्याव्या लागणाऱ्या रकमांच्या) टिपेत, लहान अक्षरात. लेखापरीक्षकाच्या अहवालात त्यावर वेगळा परिच्छेद असतो, आधी तो वाचा आणि मग मागं या. अशा देण्याची सरासरी काढता येत नाही. निकाल एका बाजूला लागला तर तुमचे १०५ कोटी खरे, दुसऱ्या बाजूला लागला तर त्यांना काही अर्थ नाही.

म्हणून 'स्वस्त' हा शब्द मी इथं वापरणार नाही. घ्यायचेच असतील तर सगळे गेले तरी घरात कुणाला सांगावं लागणार नाही एवढेच घ्या. माझ्याकडे या क्षेत्रातला एकही शेअर नाही. याचं एक कारण वर सांगितलेलं, दुसरं म्हणजे घरी आईला 'जुगाराच्या कंपनीचे शेअर' समजावून सांगायची माझी हिंमत नाही.

तक्ता तयार झाला की पाठवा, बघून देतो. एकच करा, मागच्या वर्षाचा आकडा त्याच वर्षाच्या अहवालातूनही घ्या आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तुलनेसाठी छापलेला असतो तिथूनही घ्या. बऱ्याचदा 'पुनर्वर्गीकरण' असं म्हणून तो बदललेला असतो. दोन्ही पेन्सिलीनं लिहा, आणि फरक पडला तर तो कुठल्या ओळीत पडला ते बाजूला टिपून ठेवा.